शितावरून विश्वाची परीक्षा

दीर्घिकासमूहाचे साध्या प्रकाशात घेतलेले छायाचित्र पाहिले, की शेकडो दीर्घिका एका जागी गोळा झालेल्या दिसतात आणि समूह म्हणजे या दीर्घिकांची बेरीज, असे मनाशी ठरून जाते. ही समजूत चुकीची आहे. एखाद्या मोठ्या समूहाचे एकूण वस्तुमान शंभर धरले, तर त्यातल्या सर्व दीर्घिकांमधील सर्व ताऱ्यांचा वाटा जेमतेम दोन-चार भरतो. दहा ते पंधरा भाग वस्तुमान दीर्घिकांच्या मधल्या जागेत पसरलेल्या अतितप्त वायूचे असते. उरलेले ऐंशीहून अधिक भाग कृष्णद्रव्याचे, म्हणजे जे कोणत्याच प्रकारचा प्रकाश देत नाही आणि ज्याचा पत्ता केवळ गुरुत्वाकर्षणावरून लागतो, अशा द्रव्याचे. मधला जो वायू आहे, तो डोळ्यांना वा साध्या दुर्बिणीला दिसत नाही. तो क्ष-किरणांनी उजळलेला असतो. विश्वात एकूण द्रव्य किती आहे आणि त्याच्या प्रसरणाचा वेग कसा बदलत गेला, या दोन मोठ्या प्रश्नांवर जे पुरावे आज आपल्यापाशी आहेत, त्यांत या वायूची साक्ष पहिल्या रांगेत बसवावी लागते. ही साक्ष का मानायची, तिच्यावर कोणते आक्षेप आहेत आणि ते कितपत टिकतात, हे नीट तपासून पाहण्यासारखे आहे.

समूहात दिसते त्याहून पुष्कळ अधिक काही आहे, हा संशय जुना आहे. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी या स्विस खगोलशास्त्रज्ञाने अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या, सुमारे तीस कोटी प्रकाशवर्षे दूरच्या समूहातील दीर्घिकांचे वेग तपासले. सरासरीच्या मानाने त्या सेकंदाला सुमारे हजार किलोमीटर इतक्या फरकाने धावत होत्या. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाला एवढ्या वेगवान दीर्घिका धरून ठेवता आल्या नसत्या. समूह केव्हाच विखुरला असता. म्हणून तेथे न दिसणारे द्रव्य भरपूर असले पाहिजे, असे झ्विकीने लिहिले. पुढची चार दशके या निष्कर्षाकडे फारसे कुणी वळून पाहिले नाही. चित्र बदलले ते क्ष-किरणांमुळे. पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेते, त्यामुळे हे संशोधन अग्निबाणांच्या युगापर्यंत थांबून होते. जून १९६२ मध्ये रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांनी एका लहान अग्निबाणावर उपकरण चढवून सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत शोधला. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळच्या तळावरून ‘उहुरू’ हा पहिला खास क्ष-किरण उपग्रह सोडला गेला आणि समूहांमधून येणारे क्ष-किरण एखाद्या बिंदूतून नव्हे, लाखो प्रकाशवर्षांच्या विस्तारातून येत आहेत, हे त्याने दाखवले. ते तप्त वायूचेच आहेत, की वेगवान इलेक्ट्रॉनांच्या अन्य काही उद्योगाचे, हा वाद मात्र शिल्लक राहिला. १९७६ मध्ये ब्रिटनच्या एरियल-५ उपग्रहाला ययाती समूहाच्या वर्णपटात लोहाची रेषा सापडली आणि तो वाद मिटला. इलेक्ट्रॉन जवळजवळ सगळे गमावलेल्या लोहाची ती खूण कोट्यवधी अंश तापलेल्या वायूतच उमटू शकते.

आता या वायूवरून वजन कसे करतात ते पाहू, कारण सगळा युक्तिवाद या पायावर उभा आहे. समूह घडत असताना चहूबाजूंचा वायू त्याच्या गुरुत्वाकर्षणाने आत कोसळतो, एकमेकांवर आदळतो आणि पडण्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. गुरुत्वाकर्षणाची विहीर जितकी खोल, तितका वायू अधिक तापतो. मोठ्या समूहांत तापमान दहा कोटी अंशांच्या घरात जाते. इतक्या तापलेल्या वायूचा दाब त्याला बाहेर ढकलतो आणि गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढते. दोघांची बरोबरी झाली की वायू जागच्या जागी स्थिरावतो. तेव्हा दाब कळला, तर तो पेलणारे गुरुत्वाकर्षण कळते आणि त्यावरून त्यामागचे एकूण वस्तुमान निघते, मग ते द्रव्य दिसो वा न दिसो. दाबासाठी दोन गोष्टी लागतात, तापमान आणि घनता; दोन्ही क्ष-किरणांतूनच मिळतात. इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून जाताना वाकतात आणि क्ष-किरण बाहेर टाकतात. त्या किरणांची ऊर्जा कशी विभागलेली आहे त्यावरून तापमान कळते. अशा गाठीभेटी घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात होतात, घनता दुप्पट झाली की तेज चौपट. म्हणून तेजावरून घनता काढता येते. हा वायू कमालीचा विरळ आहे. समूहाच्या बऱ्याच भागात लिटरभर जागेत एखाद-दुसराच कण सापडेल. पण विस्तार इतका अफाट, की एकूण वायू सर्व ताऱ्यांच्या कित्येक पट भरतो.

हे मोजमाप करणारी उपकरणे म्हणजे मानवी कौशल्याचा मोठा पल्ला आहे. क्ष-किरण आरशावर समोरून पडले तर परावर्तित न होता त्याच्यात शिरतात. अगदी तिरपे, पृष्ठभागाला घासून गेले तरच ते वळतात. त्यामुळे क्ष-किरण दुर्बिणीचे आरसे बशीसारखे नसून नळकांड्यासारखे आणि एकात एक बसवलेले असतात. जुलै १९९९ मध्ये कोलंबिया यानातून सोडलेल्या नासाच्या ‘चंद्रा’ वेधशाळेत अशा आरशांच्या चार जोड्या आहेत आणि त्यांच्यावर इरिडियमचा लेप आहे. त्यांचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत घासला गेला, की अर्ध्या विकलेइतका बारकावा ‘चंद्रा’ला टिपता येतो. दीर्घिकांच्या केंद्रांतून येणारे क्ष-किरण आणि वायूचे क्ष-किरण वेगळे ओळखायला हा बारकावा लागतोच. ताऱ्यांच्या अंताचे गणित मांडणारे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव तिला दिले आहे. त्याच वर्षी डिसेंबरात युरोपची ‘एक्सएमएम-न्यूटन’ गेली. तिच्या तीन दुर्बिणींपैकी प्रत्येकीत अठ्ठावन्न आरसे एकात एक बसवलेले आहेत. बारकावा कमी, पण किरण गोळा करण्याची ताकद जास्त, अशी तिची योजना. या उपकरणांत प्रत्येक क्ष-किरण कण सुटा नोंदला जातो: कुठून आला, कधी आला, त्याची ऊर्जा किती. दूरच्या समूहातून येणारे कण इतके थोडे, की एकेका समूहाकडे कित्येक तास, प्रसंगी काही दिवस दुर्बीण रोखून धरावी लागते.

या मोजमापातून विश्वाबद्दल पहिला मोठा निष्कर्ष निघाला तो १९९३ मध्ये. सायमन व्हाइट, जुलिओ नव्हारो, ऑगस्ट एव्हरार्ड आणि कार्लोस फ्रेंक यांनी मांडलेला मुद्दा शितावरून भाताची परीक्षा करण्यासारखा आहे. मोठा समूह जेवढ्या प्रदेशातले द्रव्य ओढून घडतो, तो प्रदेश कोट्यवधी प्रकाशवर्षांचा असतो. एवढ्या विस्तारातून साधे द्रव्य आणि कृष्णद्रव्य दोन्ही आत येतात. एकाला वगळून दुसरे ओढण्याची गुरुत्वाकर्षणाकडे सोय नाही. तेव्हा समूहात या दोघांचे जे प्रमाण, तेच स्थूलमानाने साऱ्या विश्वातही असले पाहिजे. विश्वात साधे द्रव्य एकूण किती, हे महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत बनलेल्या हलक्या अणुकेंद्रांच्या प्रमाणांवरून स्वतंत्रपणे ठरवता येते. त्याला समूहातल्या प्रमाणाने भागले, की विश्वातले एकूण द्रव्य हाती येते. त्या वेळी बहुतेक सैद्धांतिकांचा कल असा होता, की विश्वात द्रव्याची घनता बरोबर तथाकथित क्रांतिक घनतेइतकी, म्हणजे प्रसरण मंदावत मंदावत जेमतेम थांबवू शकेल एवढी, असावी. मग समूहात साधे द्रव्य शेकड्यात सुमारे पाच भरायला हवे होते. अरुंधती केश समूहात ते त्याच्या सुमारे तिप्पट निघाले. याचा अर्थ, विश्वातले एकूण द्रव्य क्रांतिक घनतेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असणार. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असल्याचे जाहीर झाले, त्याच्या पाच वर्षे आधीच समूहांनी प्रचलित चित्रात काहीतरी कमी आहे, असे बजावले होते. पुढे प्लँक उपग्रहाने विश्वाच्या आदिकालीन सूक्ष्मतरंगांवरून काढलेला आकडा आहे सुमारे एकतीस टक्के. दोन अगदी वेगळ्या वाटांनी निघालेले उत्तर एका ठिकाणी येते, तेव्हा त्या उत्तराचे वजन वाढते.

दूरच्या समूहांमुळे या परीक्षेला काळाची मिती मिळते, कारण दूर पाहणे म्हणजे मागे पाहणे. स्टीव्ह अॅलन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘चंद्रा’च्या साह्याने सव्वीस शांत, भारदस्त समूहांतील वायूचे प्रमाण मोजले. हे प्रमाण सर्व काळांत सारखेच असायला हवे. पण मोजलेला आकडा समूहाचे अंतर किती धरले यावर अवलंबून असतो. अंतर चुकीचे धरले तर दूरच्या समूहांत वायूचे प्रमाण खोटेच घटलेले किंवा वाढलेले दिसते. प्रसरण वेगावत आहे, असे मानून अंतरे काढली तरच प्रमाण सर्वत्र सारखे राहिले. प्रसरणाला असा वेग देणारे जे अज्ञात कारण, त्याला कृष्ण ऊर्जा म्हणतात; अतिनवताऱ्यांच्या कोणत्याही आधाराशिवाय तिचा हा दुसरा पुरावा झाला. २००९ मध्ये अलेक्सी विख्लिनिन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक बाजू दाखवली. जवळच्या आणि दूरच्या मिळून शहाऐंशी समूहांची त्यांनी तुलना केली, तेव्हा मोठे समूह घडण्याचा वेग गेल्या काही अब्ज वर्षांत मंदावलेला आढळला. प्रसरण जोर धरते तसे गुरुत्वाकर्षणाला दूरचे द्रव्य ओढून आणणे जड जाते, हे त्याचे कारण. या शोधाची पलीकडची सीमाही सरकत आहे. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या एका समूहाचा प्रकाश आपल्याकडे निघाला तो एक हजार एकशे दहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे विश्व तीनशे कोटी वर्षांचेही नव्हते तेव्हा. तेथेही ‘चंद्रा’ला विस्तारलेल्या तप्त वायूचे क्ष-किरण मिळाले.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वात गंभीर आक्षेप असा, की सारे गणित वायू स्थिर असल्याच्या गृहीतावर चालते आणि तो स्थिर असेल याची खात्री काय? आक्षेप पोकळ नाही. समूहांच्या केंद्रातल्या दीर्घिकांत महाकाय कृष्णविवरे आहेत आणि त्यांच्यातून निघणारे झोत वायूत प्रचंड पोकळ्या कोरतात. ययाती समूहात अशा पोकळ्या आणि त्यांच्यापासून पसरणाऱ्या दाबलाटा ‘चंद्रा’ने २००३ मध्ये टिपल्या. भुजंगधारी समूहातील प्रकार त्याहून मोठा होता. तेथे वायूच्या कडेला एक वक्र खाच २०१६ मध्ये दिसली होती. पण ती कृष्णविवराने कोरली असे मानायला लागणारी ऊर्जा इतकी अवाढव्य होती, की संशोधकांनी तो विचार बाजूला ठेवला. २०२० मध्ये रेडिओ दुर्बिणींनी ती खाच रेडिओ लहरी देणाऱ्या द्रव्याने भरलेली असल्याचे दाखवले आणि शंका फिटली. त्या निरीक्षणांत पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचा, म्हणजे जीएमआरटीचा, महत्त्वाचा वाटा होता. ही घटना आक्षेपकाच्या बाजूची वाटते. मात्र तिच्यातून मोजणाऱ्यांनी योग्य धडा घेतला आहे. वजन करताना समूहाचा खळबळीचा मध्यभाग वगळतात आणि परीक्षेसाठी मोठे, शांत दिसणारे समूह निवडतात. त्यांची विहीर इतकी खोल असते, की कृष्णविवराच्या तडाख्यानेही फारसा वायू बाहेर निसटत नाही. लहान गटांत तो निसटतो, म्हणून त्यांच्यावरून विश्वाचे प्रमाण काढत नाहीत. शीत कोणते उचलायचे, याचा विवेक त्या परीक्षेतच अंतर्भूत आहे.

तरीही ‘शांत दिसणे’ पुरेसे नाही, वेग प्रत्यक्ष मोजायला हवा, हे म्हणणे रास्त होते. ते काम जपानच्या ‘हितोमी’ उपग्रहाने केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोडलेला हा उपग्रह दिशानियंत्रणातील बिघाडामुळे मार्चअखेर निकामी झाला. पण तत्पूर्वी त्याने ययाती समूहाचे निरीक्षण केले होते. निरपेक्ष शून्याच्या अगदी लगत थंड ठेवलेल्या त्याच्या संवेदकाने लोहाच्या रेषा इतक्या स्पष्ट वेगळ्या केल्या, की त्यांच्या रुंदीवरून वायूच्या अव्यवस्थित हालचालीचा वेग काढता आला: सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर. आपल्या मानाने हा वेग मोठा आहे, पण त्यामुळे येणारा दाब उष्णतेच्या दाबाच्या अवघा चार टक्के आहे. पोकळ्या कोरल्या जात असलेल्या केंद्राची ही स्थिती. सप्टेंबर २०२३ मध्ये गेलेल्या ‘क्रिझम’ या उपग्रहाने हेच काम पुढे नेले आणि अलीकडच्या काळात धडका झालेल्या अरुंधती केश समूहाच्या गाभ्यातही हा वाटा काही टक्क्यांपुरताच असल्याचे आढळले. बाहेरच्या पट्ट्यात, जेथे नवा वायू अजून कोसळतो आहे, तेथे समतोल इतका चांगला नसतो आणि क्ष-किरणांवरून काढलेले वजन काहीसे कमी भरते. त्यावर उपाय आहे तो गुरुत्वीय भिंगाचा. समूहामागच्या दीर्घिकांचा प्रकाश समूहाच्या वस्तुमानामुळे वाकतो आणि त्यांच्या प्रतिमा ताणल्या जातात. हा ताण वायू शांत आहे की खवळलेला, याची पर्वा करत नाही. ‘ईरोसिटा’ या जर्मन क्ष-किरण दुर्बिणीने २०१९ पासून अवघे आकाश न्याहाळले आणि २०२४ मध्ये अर्ध्या आकाशातील बारा हजारांहून अधिक समूहांची व गटांची यादी जाहीर केली. त्यांतल्या पाच हजारांहून अधिक समूहांवर आधारलेल्या निष्कर्षात वजनाची पारख भिंगाच्या साह्यानेच केली होती. विश्वातले द्रव्य किती आणि ते किती गोळा झाले आहे, याचे त्यांचे उत्तर आदिकालीन सूक्ष्मतरंगांच्या उत्तराशी जुळले.

दुसरा आक्षेप मुळावरच घाव घालतो. कृष्णद्रव्य नसेलच, गुरुत्वाकर्षणाचा नियमच मोठ्या अंतरांवर वेगळा असेल, तर? हा प्रश्न विचारणे विज्ञानाला धरूनच आहे. त्याचे उत्तर नौतल तारकासमूहाच्या दिशेच्या ‘बुलेट’ समूहाने दिले. तेथे दोन समूह एकमेकांना भेदून गेले आहेत. दोघांचा वायू मधेच एकमेकाला अडला, त्यात आघात तरंग उठले; ‘चंद्रा’च्या चित्रात त्यांतल्या एकाचा वायू बंदुकीच्या गोळीसारखा स्पष्ट दिसतो. दीर्घिका मात्र विरळ असल्याने न अडखळता पुढे निघून गेल्या. साधे द्रव्य बहुतांश वायूत असते, म्हणजे कृष्णद्रव्य नसते तर गुरुत्वाकर्षणाचा केंद्रबिंदू वायूपाशी असायला हवा होता. २००६ मध्ये भिंगाच्या पद्धतीने पाहिले तेव्हा वस्तुमानाचा भर वायूला मागे टाकून दीर्घिकांबरोबर पुढे गेलेला आढळला. नियम बदलून ही फारकत समजावणे अवघड आहे. आणि बदललेल्या गुरुत्वाकर्षणाच्या प्रमुख मांडणीलाही समूहांत काही न दिसणारे द्रव्य मानावेच लागते. एकाच उदाहरणावर भिस्त का ठेवायची, असे कुणी म्हणेल. २०१५ मध्ये ‘चंद्रा’ आणि ‘हबल’च्या निरीक्षणांतून अशा बहात्तर धडकांचा एकत्रित अभ्यास झाला आणि निष्कर्ष तोच निघाला.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. भिंग आहे, सूक्ष्मतरंगांवर तप्त वायूची पडणारी छाया मोजणाऱ्या जमिनीवरच्या दुर्बिणी आहेत. मग इतक्या खर्चाच्या क्ष-किरण दुर्बिणी अवकाशात कशाला? छायेची पद्धत दूरच्या समूहांसाठी खरोखर मोलाची आहे, कारण ती छाया अंतराने फिकी पडत नाही; दाट, तेजस्वी गाभ्याचे समूह अधिक सहज सापडावेत हा क्ष-किरण शोधातला कलही तिच्यात बराच कमी आहे. पण छाया दाब सांगते, तापमान आणि घनता स्वतंत्रपणे सांगत नाही. भिंग एकूण वस्तुमान सांगते. त्यात साधे द्रव्य किती, हे सांगत नाही. लोह किती आणि ते केव्हा पसरले, वायू किती वेगाने ढवळतो आहे, कृष्णविवराने किती ऊर्जा ओतली, याची उत्तरे केवळ क्ष-किरणांच्या वर्णपटात आहेत. तिन्ही पद्धती एकमेकींच्या चुका पकडतात आणि त्यांतली एक काढून घेतली, तर उरलेल्या दोघींना तपासणारे कुणी राहत नाही.

म्हणून या दुर्बिणींच्या भवितव्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. २०२४ मध्ये नासाच्या अंदाजपत्रकात ‘चंद्रा’च्या निधीला मोठी कात्री लावण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी त्याला विरोध केला. तिच्या तोडीचा बारकावा असलेली दुसरी क्ष-किरण दुर्बीण आज आकाशात नाही आणि युरोपची पुढची मोठी क्ष-किरण वेधशाळा २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वी येणार नाही. मधल्या काळात करता येण्याजोगे काम आपल्या आवाक्यातही आहे. ‘चंद्रा’ आणि ‘एक्सएमएम-न्यूटन’ यांची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर कुणालाही विनामूल्य उपलब्ध होतात. त्यांचे विश्लेषण करण्याची साधनेही मोफत आहेत. आपल्या महाविद्यालयांतील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्या साठ्यातला एक समूह निवडावा, त्याच्या वायूचे तापमान स्वतः काढावे आणि त्याचे वजन करून पाहावे. विश्वाच्या वजनावरचा युक्तिवाद कितपत पक्का आहे, हे ठरवण्याचा तोच सर्वात खात्रीचा मार्ग आहे.